धामण आणि पेंडीचं पोतं

एका गावात एक गवळी राहायचा. बायको, लेक, म्हातारे वडील आणि दावणीला एक म्हैस, एवढाच त्याचा पसारा. माणूस कष्टाळू, पण भारी तापट! कुणाचं पुरतं ऐकून घेईल तर शपथ.

लेक शाळेतून प्राण्यांची पुस्तकं आणायची आणि कोपऱ्यात बसून मनातल्या मनात वाचायची. काय वाचलंस म्हणून तिला कधी कुणी विचारलं नाही.

एकदा म्हशीचं दूध घटू लागलं. रतीब तुटायची वेळ आली. गवळ्याला काही सुचेना. अशातच एका दुपारी कडब्यामागे लांबलचक धामण दिसली.

आजोबा ओरडले, "हीच ती चोरटी! धामण म्हशीच्या पायांना विळखा घालते आणि दूध पिते. माझा बाप सांगायचा!"

झालं! गवळ्यानं काठी उचलली.

"बाबा, मारू नका!" लेक रडवेली झाली. "पुस्तकात वेगळंच लिहिलंय."

"पुस्तकातली धामण पुस्तकात! इथं माझी चूल विझायची वेळ आलीय."

तेव्हा बायको आडवी आली. "काठी कुठं पळून जातेय का? आधी पोरीला वाचू दे. मोठ्यानं वाच गं, आम्हालाही कळू दे काय ते."

गवळी कुरकुरला, पण थांबला. सगळे गोठ्याच्या दारात बसले. काठी मात्र त्यानं हातातून सोडली नाही.

लेक वाचू लागली, "धामण विषारी नसते. तिला दूध ओढून पिताच येत नाही. उंदीर हे तिचं आवडतं खाणं. जिथं उंदीर माजतात, तिथं ती येते."

"उंदीर?" बायको चपापली. "अगं बाई! पेंडीच्या पोत्याला खालून भोक पडलंय. मला वाटलं, जुनं पोतं, विरलं असेल. चिंधी कोंबली आणि गप्प बसले."

आजोबा म्हणाले, "कडब्यात सारखी खुडखुड चालते खरी. मला कोण विचारतंय, म्हणून मीही बोललो नाही."

गवळ्यानं कपाळावर हात मारला. "आणि पेंड लवकर संपते म्हणून मी म्हशीची पेंडच कमी केली! अरे देवा, मग दूध कुठून येणार?"

त्यानं काठी खाली ठेवली. पेंड झाकणाच्या पिंपात गेली, म्हशीला पोटभर मिळू लागली. उंदरांचा समाचार धामणीनं घेतला. हळूहळू दूध पहिल्यासारखं झालं.

तेव्हापासून त्या घरात दिवेलागणीला पुस्तक उघडतं. कधी मुंग्या, कधी वडाचं झाड, कधी बगळे. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. आजोबा तर पुस्तकाशीच भांडतात, आणि गवळी त्यांना दटावतो, "थांबा हो अण्णा, तिला पान तर पुरं करू द्या!"

तात्पर्य: एकट्यानं वाचलेलं एकट्यापाशीच राहतं. घरानं मिळून वाचलं, की प्रत्येकाला ठाऊक असलेलं थोडंथोडं एकत्र येतं आणि आपल्या अंगणातला जीव आपल्याला कळतो.