हळदुलीचे घरटे

एका राज्यात मेघवर्मा नावाचा राजा राहत होता. राज्य मोठे होते, हत्ती-घोडे पुष्कळ होते, पण राजाचा सारा जीव एका पिंजऱ्यात अडकला होता.

त्याला कारणही तसेच होते. समुद्रापलीकडून कॅनरी पक्ष्यांची एक पिवळीधमक जोडी राणी पद्मरेखेकडे आली होती. मादीचे नाव हळदुली, नराचे केशऱ्या. धूम्रजट नावाच्या जादूगाराने ती जोडी मागितली. राणी म्हणाली, "जीव लावलेली पाखरे मी देणार नाही." जादूगाराने मूठभर राख फुंकली आणि राणी बसल्या जागी झोपी गेली.

"राजा," तो म्हणाला, "तुझ्या राणीचा श्वास मी हळदुलीत ठेवला आहे. हळदुली मेली की राणी मेली. हळदुलीने आपल्या चोचीने नवा जीव पोसला, तरच राणी जागी होईल."

तेव्हापासून राजाने दरबार प्रधानावर सोपवला आणि स्वतः राणीच्या महालात पिंजऱ्यापाशी ठाण मांडले. केशऱ्याने हळदुलीला टोचू नये म्हणून त्याला दूरच्या महालात ठेवले. पिंजरा तर असा लख्ख, की आत काडी दिसली रे दिसली की राजा ती चिमटीने उचलून फेकी. शापाचा पहिला भाग त्याच्या काळजात इतका रुतला होता, की दुसरा भाग तो पार विसरून गेला. आता बोला!

एके सकाळी हळदुली दाणा टिपेना. कोपऱ्यात फुगून बसली, पिंजऱ्यालगतच्या भिंतीचा चुना टोकरू लागली आणि स्वतःच्या छातीची पिसे स्वतःच उपटू लागली. राजवैद्याने काढा दिला, तर तिने चोच फिरवली. इकडे झोपलेल्या राणीचा श्वास मंद झाला.

राजा घोड्यावर बसला आणि थेट अरण्यात गेला. तिथे जुन्या वडाच्या ढोलीत एक धनेश पक्षी राहत असे. त्याला माणसांची भाषा येत होती, पण माणसांशी बोलायची फारशी हौस नव्हती.

"पक्षिराज, माझी हळदुली आजारी आहे," राजा म्हणाला आणि त्याने सारी हकिकत सांगितली.

"उपटलेल्या पिसांचे ती काय करते?"

"कोपऱ्यात रचते. मी उचलून टाकतो."

धनेशाने आपली भली मोठी चोच फांदीवर आपटली. "राजा, ती आजारी नाही. ती घरटे बांधते आहे, आणि तू ते रोज मोडतो आहेस."

राजाचा चेहरा उतरला.

"आता तीन गोष्टी कर," धनेश म्हणाला. "नागाच्या राखणीतला सावरीचा कापूस आण. समुद्राकडून समुद्रफेन, म्हणजे माकूळ माशाचे पांढरे हाड आण, ते टोकरले की अंड्याचे कवच टणक होते. तिसरी गोष्ट कठीण आहे. केशऱ्याला तिच्यापाशी सोड, पिंजऱ्यावर पडदा टाक. दाणापाणी आत सरकव, पण पिल्लाचा आवाज येईपर्यंत डोकावू नकोस."

सावरीला नागाचा वेढा होता. "कापूस कशाला?" नागाने विचारले.

"घरट्याला."

"मग ने. सिंहासनाच्या गादीला मागितला असतास, तर डसलो असतो."

समुद्राने मुकुट मागितला. राजाने तो लाटेत भिरकावला. लाट परतताना पांढरेशुभ्र समुद्रफेन वाळूवर ठेवून गेली.

तिसऱ्या कामाने मात्र राजाचा घाम काढला. पडद्याआड नुसती खुडबुड चाले. खुडबुड थांबली की राजाला वाटे, संपले सगळे. हात पडद्याकडे जाई. मग तो राणीच्या उशाशी जाऊन बसे आणि तिच्या नाकापाशी बोट धरी. श्वास चालू असे. एकदा चोरून पाहिले तर काय बिघडेल, असेही मनात येई. पण आपल्या काळजीचाच पाखराला जाच झाला, हे त्याला कळून चुकले होते आणि त्याची मनापासून लाज वाटत होती. तो हात मागे घेई.

अखेर एका सकाळी पडद्याआडून बारीक चिवचिव ऐकू आली. राजाने पडदा सारला. हळदुली घरट्याच्या काठावर उभी होती. केशऱ्याने तिला घास भरवला आणि तिने तो एका उघड्याबोडक्या पिल्लाच्या चोचीत घातला. तिच्या छातीवर नवी पिसे फुटली होती.

त्याच क्षणी दूर डोंगरात धूम्रजटाची जादू विझली. इकडे राणीने डोळे उघडले, ती उठून बसली आणि पिंजऱ्याकडे पाहू लागली. आत कापूस, पिसे आणि दाण्यांच्या फोलपटांचा नुसता पसारा होता.

"महाराज, हे काय! पिंजरा किती घाण करून ठेवलात!"

राजा हसता हसता रडू लागला. "असू द्या, राणीसाहेब," तो म्हणाला. "काडीलाही हात लावू नका."

दुसऱ्या दिवशी राजा बोडक्या डोक्यानेच दरबारात गेला आणि रखडलेले न्यायनिवाडे मार्गी लागले. त्याचा जीव जसा भांड्यात पडला, तसा काळजी वाहणाऱ्या साऱ्यांचा पडो.