कुंपणापलीकडच्या अळ्या

एकदा एका गृहिणीने श्रावणभर रोज एकशे आठ बिल्वदले शंकराला वाहण्याचा नेम धरला. तिची लेक वैजू सासर सोडून माहेरी आली, त्याला सहा महिने झाले होते. ती परत जावी, तिचा संसार मार्गी लागावा, एवढेच आईचे मागणे होते.

गावकऱ्यांनीच मिळून राखलेले एक लहानसे निसर्गउद्यान वेशीजवळ होते. तिथे बेलाची तीन झाडे होती आणि एक रीत होती : ज्याला पत्री न्यायची, त्याने आधी घटकाभर बागेत राबायचे. देखरेख एक वृद्ध गृहस्थ करीत. ही बाई रोज सकाळी येई, कुणाला न विचारता थेट बेलाखाली उभी राही आणि तेच आपले राबणे मानून पानांवरच्या अळ्या वेचू लागे. कुरतडलेले दल देवाला चालत नाही, आणि अळ्या तर दिवसागणिक वाढत होत्या. वेचलेल्या अळ्या ती कुंपणापलीकडच्या गवतात सोडून देई.

तिच्या जिवाला थारा नव्हता. दले मोजताना साठाच्या पुढे आकडा चुके, की पुन्हा पहिल्यापासून. घरी वैजू उठली असेल का, शेजारीण डोकावली असेल का, काय विचारील? कुणी विचारलेच तर ती सांगे, "आलीय चार दिवस हवापालटाला." शेजारच्या मंगळागौरीला तिने वैजूला नेलेच नव्हते.

"अहो, शंकराच्या आधी अळ्यांनाच नैवेद्य होतोय की!" वाफे खुरपणारी एक सेवेकरी बाई म्हणाली.

"हसा तुम्ही. आज धड पानं नव्वदच भरली. माझा नेम मोडला म्हणजे?"

तिसऱ्या सोमवारी ती तांब्या बागेतच विसरली म्हणून अर्ध्या वाटेवरून परतली. पाहते तर काय, वृद्ध गृहस्थ गवतात गुडघे टेकून बसलेले. एकेक अळी शोधून ते बोटावर घेत आणि नेऊन बेलाच्या फांदीवर ठेवीत.

"बाबा! मी वेचते आणि तुम्ही परत ठेवता? काय वैर आहे माझ्याशी?"

हातातली अळी पानाला नीट धरू देऊन मग ते वळले. "ताई, ह्या अळ्या बेल नाहीतर लिंबू-संत्र्यासारख्या झाडांच्याच पानांवर जगतात. गवतात सोडल्या की उपाशी मरतात."

बाई चरकली. "म्हणजे व्रतात माझ्या हातून हत्या..."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं. मीच पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. तुमचा चेहरा पाहून धीर झाला नाही."

"पण कुरतडलेलं पान वाहू तरी कसं? आपल्याकडे सगळं अखंडच लागतं हो, बाबा. माझी लेक परत आलीय. उद्या तिला सणावाराला कोण कशाला बोलवील?"

वृद्धांनी एक फांदी खाली ओढली.

"देवाला काय चालतं ते मला कळत नाही. झाडाला काय चालतं, ते वीस वर्षं बघतोय. हे पान पाहा. अर्धं गेलंय. झाडानं टाकलं का त्याला? उरलेल्या अर्ध्यावर ऊन पडतंय, त्यातून ते झाडाला अन्न देतंय. मुळांकडून येणारं पाणी त्यालाही पोचतंय. झाड आपल्या पानांत निवड करत नाही, ताई. निवड आपण करतो, खाली उभं राहून."

त्या दिवशी घरी येऊन तिने मिळाली तेवढीच दले वाहिली आणि वर पाण्याची धार धरली. हात जोडले, पण रोजचे मागणे काही ओठांवर येईना. मन अजून पुरते निवले नव्हते. तरी उठून ती वैजूच्या खोलीशी गेली.

"वैजू, उद्या बागेत येतेस माझ्याबरोबर? रोपांना आळी करायचीत."

"आणि कुणी विचारलं म्हणजे? हवापालट सांगायचा?"

आईने नकारार्थी मान हलवली. "माझी लेक आहे, घरी राहते, असं सांगू."

वैजूने पुष्कळ दिवसांनी आईकडे डोळे वर करून पाहिले.

"किती वाजता निघायचं?" तिने विचारले.