खिंडीतला रिकामा खळगा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगरांना अजून नावंही पडली नव्हती, तेव्हाची. खाली समुद्र, वर पठार आणि मधे एक उभा घाट. पठारावरच्या लोकांना मीठ लागे, आणि ते माणसांच्याच पाठीवरून वर जाई.

घाटमाथ्यावर एक खिंड होती. तिथे सात दगड ओळीनं उभे होते. उभे म्हणजे कसे, तर ओणवे. पाठ आभाळाकडे, डोकं खाली, हात जमिनीला टेकायला आलेले. लोक म्हणत, ही मीठ वाहणारीच माणसं. ओझं उचलायला वाकली आणि तशीच राहिली. जाणारा प्रत्येक जण त्यांच्या कंबरेवर चिमूटभर मीठ ठेवी. दुखऱ्या कंबरेला मिठाचा शेक बरा वाटतो ना, म्हणून. परतताना बघावं तर मीठ नसे. पाऊस नाही, वारा नाही, तरी नसे.

सातव्या दगडाशेजारी एक खळगा होता, दोन पावलं मावतील एवढा. आजूबाजूला पाचोळ्याचा खच, पण त्या खळग्यात एक पान पडलेलं कधी कुणी पाहिलं नाही.

त्या घाटात गेनू नावाचा गडी मीठ वाही. खांदे असे, की दारातून आडवं होऊन आत शिरावं लागे. बाकीचे एक गोणी नेत, हा दोन नेई. घरी बायको येसू, दिवस भरत आलेले. ती रोज सांगे, एकच न्या, पोराचं तोंड बघायला धड घरी या. गेनू हसून घाट चढे.

त्यांच्यातच एक म्हातारा होता, भिवाआजा. खिंडीत पोचला की ओझं उतरवून तो कातळावर पालथा पडे. छाती उचली, पाय उचली, दहा श्वास तसाच राही. मग उताणा होऊन, गुडघे दुमडून कंबर वर धरी. आणि निघताना गुडघे वाकवून, गोणी छातीशी घेऊन, सावकाश उठे.

गेनू एकदा म्हणाला, "आजा, घाटातल्या सरड्यांना जोडीदार मिळाला म्हणायचा."

आजा चिडला नाही. "खांदे लोकांना दिसतात रे, म्हणून सगळे खांदे कमावतात. कंबर बिचारी मागं राहते. तिच्याकडं आपणच बघावं लागतं."

गेनूनं ते कानाआड केलं.

एके दिवशी भरदुपारी खिंडीत धुकं उतरलं. पाखरं गप्प झाली. गेनू सगळ्यांच्या पुढे होता. गोण्या टेकवून त्यानं दम घेतला आणि उठला. पावलं कुठे पडली, त्याला दिसलं नाही. ती त्या खळग्यात अशी बसली, जशी काही मापानंच खोदलेली जागा. गेनू ताठ पायांनी कमरेतून वाकला आणि त्यानं दोन्ही गोण्यांना हिसका दिला.

कंबरेत कट् झालं. श्वास अडला. वर येता येईना, खाली जाता येईना. तळव्यांना गारवा लागला, मग घोटे गार पडले, जड झाले. आणि अगदी कानाशी कुणी थकल्या आवाजात बोललं, "आलास? तुझी जागा आम्ही रोज झाडून ठेवत होतो."

गेनूनं मान वळवली. सातव्या दगडाची पाठ श्वास घेत होती.

त्याला येसू आठवली. पोर जन्मेल, मोठं होईल, एक दिवस याच वाटेनं येईल. बापाच्या कंबरेवर चिमूटभर मीठ ठेवील आणि पुढे जाईल.

तेवढ्यात मागची माणसं आली. दोघं-तिघं त्याला दंडाला धरून ओढू लागले, तर आजानं त्यांना बाजूला सारलं. ओढलात तर मोडेल, म्हणाला. स्वतःची गोणी टाकून तो गेनूच्या पुढ्यात पाठ करून उकिडवा बसला आणि त्याचं पोट आपल्या पाठीवर घेतलं.

"अंग माझ्यावर सोड. जोर तू लावायचा नाहीस."

आणि तो सत्तरीचा म्हातारा ताठ पाठीनं, मांड्यांच्या बळावर सावकाश उठला. चिखलातून मूळ उपटावं तशी गेनूची पावलं सुटली. मागे सात गळ्यांतून एकच सुस्कारा निघाला.

आजानं त्याला तसाच घाट उतरवून दारात आणला. येसूनं नवऱ्याचं तोंड पाहिलं नाही, आधी पाय पाहिले. तळवे राखाडी, खरबरीत, कातळासारखे. मग तिनं शेकायला मिठाची पुरचुंडी तव्यावर ठेवली.

दुखणं ओसरल्यावर आजा रोज येऊन कातळावरचं तेच त्याच्याकडून करवून घेऊ लागला. पहिल्या दिवशी गेनूची कंबर वीतभरही उचलेना. दोन श्वास झाले, मग चार. लेक रांगायला लागली तोवर दहा झाले. तेव्हा कुठे गेनू एक गोणी घेऊन घाट चढला, आणि कातळावर पालथा पडला.

वर्षं गेली. आजा गेला. एक नवा गडी आला, गेनूहून रुंद खांद्यांचा. कातळावरच्या गेनूला बघून तो पोट धरून हसला. गेनूनं त्याला सगळं सांगितलं, तळवे दाखवले. तो आणखी हसला.

दुसऱ्या दुपारी धुकं होतं, आणि तो गडी पुढे गेला होता. गेनू खिंडीत पोचला तर सगळं चिडीचूप. त्यानं दगड मोजले. पुन्हा मोजले. मग आठव्याच्या कंबरेवर चिमूटभर मीठ ठेवलं. दगड अजून कोमट होता.

त्याच्या शेजारी एक नवा खळगा होता, स्वच्छ झाडलेला.

तात्पर्य: जी कंबर कुणाला दिसत नाही, ती आधी कमवावी आणि मगच ओझ्याला हात घालावा.