मुडशेकरांच्या आडनावाचा शोध

आडनावकोश छापायला निघाला, तेव्हा मंडळाचे अध्यक्ष दादासाहेब मुडशेकर यांनी भर सभेत कोशकार डॉ. सीताकांत देवसडकरांना फर्मावलं, "आमच्या पणजोबांनी मुडशे बेटाचा शोध लावला, म्हणून आम्ही मुडशेकर. असंच छापा, नाहीतर कोश विसरा!"

डॉक्टरांच्या हातातला चहा बशीत सांडला. वीस वर्षांची मेहनत! शिवाय आपलंच चुकत असलं तर? तरी ते चाचरत म्हणाले, "दादासाहेब, माझे आजोबा देवसडहून इथे आले, म्हणून मी देवसडकर. देवसडात आम्हाला कुणी देवसडकर म्हणत नसे."

"मग?"

"इथल्या लोकांनी पणजोबांना मुडशेकर म्हटलं, म्हणजे ते त्या बेटावरूनच इथे आले असणार. होडीतून उतरले आणि समोर आपलं गाव दिसलं. तेव्हा त्यांनी शोध लावला तो आपल्या गावाचा. तसं छापतो. फक्त गावकऱ्यांना एकदा विचारून घेतो, पणजोबा येईपर्यंत आपण हरवलो होतो का म्हणून."

सभा खो खो हसली.

"अर्थबिर्थ राहू द्या हो," दादासाहेब पुटपुटले, "नुसतं आडनाव छापा."

डॉक्टरांनी बशीतला चहा निवांत पिऊन टाकला.