शर्यतीच्या गाडीला वळण नव्हतं

गंज चढण्याइतकी जुनी गोष्ट आहे. सरळ धावपट्टीवर भल्याभल्यांना मागे टाकलेली एक म्हातारी गाडी गॅरेजमध्ये राहायची. त्या सकाळीही ती शेजारच्या रिक्षाला आपल्या विजयांच्या कथा ऐकवत होती.

"सगळं सरळच? म्हणजे अक्का, तुम्हाला कुणी वळण लावलंच नाही!" रिक्षा म्हणाली.

"वळणं तुमच्यासारख्यांना, बाई!"

तेवढ्यात मेकॅनिकने बातमी आणली. गाडीला जन्मभर चालवणारे तात्या खोपडे गेले होते.

गाडीने इंजिन सुरू केलं. मग म्हणाली, "मला त्यांच्या दारी जायचंय."

"चला की. पिंपळापाशी डावीकडे."

गाडी सुसाट सुटली. पिंपळ आला आणि मागे पडला.

रिक्षा एकटीच दारी पोचली. गाडीचं डावीकडे वळायचं राहून गेलं.