ढोल्या कुठून शिरला असता

जनावरं शाळेत जायची, त्या काळी बगळेगुरुजींनी एका गटाला गणित घातलं. दहा हात सरळ कुंपण, दर दोन हातांवर खांब. तर खांब किती? गुरुजी कुणालाही उठवणार आणि त्याला नीट सांगता आलं, तरच गटाला कलिंगड.

“पाच,” चटकी खार लगेच म्हणाली. पण ढोल्या रेडकाच्या डोक्यात ते शिरेना. गुरुजी नेमकं त्यालाच उठवतील या धास्तीने तिने दहा हातांची रेघ ओढून एका टोकापासून दर दोन हातांवर पाच मित्र खांबांसारखे उभे केले.

ढोल्या दुसऱ्या टोकाला गेला. “इथं कुणीच नाही. मी इथून आत शिरेन की.”

चटकी हसून हसून लोळली, खांबही खदखदले. “मग तूच उभा राहा तिथं.”

गुरुजींनी उठवलं चटकीलाच. “सहा,” ती म्हणाली. “सहावा तो बघा.”

सहावा खांब शेपूट उडवत कलिंगडाकडे निघाला होता.