थोरल्याच्या घोंगडीतला धाकटा

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक मेंढपाळ होता आणि त्याच्या मागे मागे चालणारा त्याचा एक भाऊ होता. गाव पुढच्याला थोरला म्हणायचं आणि मागच्याला धाकटा. धाकट्याला याहून वेगळं काही नाव असेल, हे कुणाच्या मनातही येत नसे. धाकट्याच्या तर नाहीच.

थोरला उंच, मिशाळ, आवाज पोटातून येणारा. तो "या गं बायांनो, या" म्हणाला की सगळी मेंढरं त्याच्यामागे निघत. धाकट्याचा आवाज तेल न घातलेल्या रहाटासारखा. तो कळपाच्या शेवटी चालायचा, लंगडणाऱ्या मेंढीच्या खुरातला काटा काढायचा आणि चर्चमधली गाणी चुकीच्या चालीत म्हणायचा.

मग थोरल्याला ताप आला. वैद्य आला आणि गेला. थोरलाही गेला. टेकडीवर चर्चच्या मागे त्याला पुरलं, तेव्हा मेंढरंसुद्धा खाटेमागोमाग वर आली होती.

दुसऱ्या दिवशी धाकटा घराबाहेर पडला तो थोरल्याची घोंगडी, थोरल्याचं पागोटं आणि थोरल्याचे बूट घालून. बुटात लोकर कोंबली होती. तव्याची काजळी घेऊन मिशीही काढली होती. घोंगडी जमिनीवर लोळत होती, तेव्हा शेजारची मावशी म्हणाली की बरं झालं, रस्ता झाडून निघाला. पागोटं डोळ्यांवर घसरल्यामुळे त्याने पाटलाच्या म्हशीला वाकून सलाम केला. म्हशीने मान हलवली, म्हणून त्याला वाटलं, आपलं जमलं.

मावशीने विचारलं, "हे काय सोंग रे?"

"थोरलाच नाही, तर मी धाकटा कुणाचा?" तो म्हणाला. "कुणीतरी थोरला नको का?"

पदर तोंडाला लावून मावशी आत गेली.

दुपारी तो कळप घेऊन ओढ्यावर गेला. पलीकडच्या वाडीचा म्हातारा मेंढपाळही आपला कळप घेऊन तिथे आला होता. पाणी पिताना दोन्ही कळप एकमेकांत मिसळले. यात नवल काही नव्हतं. पाणी पिऊन झालं की ज्याने त्याने हाक मारायची, आणि ज्याची मेंढरं त्याच्याकडे जायची. पण हाकेला आली नाहीत, तर चालत्या कळपामागे निघून जायची, आणि गेली ती गेली. तिथला रिवाजच तसा.

"पोरा, आधी तू मार हाक," म्हातारा म्हणाला. "तुझी माझ्यामागे आली तर मी परत ढकलणार नाही, सांगून ठेवतो."

ही मेंढरं गेली तर चूल पेटणार नव्हती. धाकट्याने छाती फुगवली, हनुवटी गळ्यात रोवली आणि थोरल्याच्या आवाजात हाक मारली. घरी रांजणात तोंड घालून त्याने सराव केला होता, त्यामुळे ती हुबेहूब उतरली.

"या गं बायांनो, या."

सगळ्या मेंढ्यांच्या माना वर झाल्या. क्षणभर कुणी हललं नाही. मग त्या धावत सुटल्या. धाकट्याने आनंदाने दोन्ही हात पसरले. मेंढ्या त्याच्या डाव्या बाजूने गेल्या, उजव्या बाजूने गेल्या, एक तर पायांमधून गेली. एडक्याच्या शिंगात अडकून घोंगडी गेली, घोंगडीबरोबर पागोटं गेलं. बूट मात्र चिखलात जागच्या जागी उभे राहिले आणि धाकटा त्यांतून बाहेर पडला.

अनवाणी पळत तो टेकडीवर पोहोचला, तर कळप कबरस्तानात. सगळी मेंढरं थोरल्याच्या कबरीभोवती उभी राहून ओरडत होती. थोडं ओरडून झाल्यावर, शेवटी मेंढरंच ती, कबरीवरचा झेंडू खायला लागली. पाद्रीबाबा छत्रीने त्यांना हाकलत होते.

धाकटा मटकन खाली बसला.

"हे काय तोंडाला?" पाद्रीबाबांनी विचारलं.

"मिशी."

"वाहतेय ती."

धाकटा हुंदके देत म्हणाला की मी एवढी हाक मारली, पण एकही माझ्याकडे आली नाही.

"तू थोरल्याच्या आवाजात बोलावलंस, ती थोरल्याकडे आली. त्यांचं काय चुकलं?" पाद्रीबाबांनी छत्री मिटली. "नाव काय रे तुझं?"

"धाकटा."

"ते गावाने ठेवलं. बाप्तिस्म्याच्या वेळी मी कपाळाला पाणी लावलं, तेव्हा काय नाव घेतलं होतं?"

धाकट्याने बराच वेळ डोकं खाजवलं. "बर्णबा?"

"मला काय विचारतोस, तुझं आहे." पाद्रीबाबा त्याच्या शेजारी बसले. "प्रभू आपला मेंढपाळ. तो प्रत्येकाला त्याच्या नावाने हाक मारतो. तुझ्या भावाला मारली, तो गेला. तुला मारतो ती काही थोरल्याचा धाकटा म्हणून नाही. थोरला होता तेव्हाही तू प्रभूसाठी बर्णबाच होतास, आजही आहेस. आता तू दुसऱ्याच्या घोंगडीत डोकं खुपसून बसलास, तर त्या हाकेला ओ कुणी द्यायची?"

"पण मला थोरला पाहिजे," धाकटा म्हणाला.

एक मेंढी पाद्रीबाबांच्या झग्याचं टोक चघळत होती, तेही त्यांनी तिला चघळू दिलं.

"मलाही," ते म्हणाले. "पण रडायचं तर स्वतःच्या तोंडाने रड. ती मिशी पूस."

त्याने मिशी पुसली. खालून म्हाताऱ्याच्या कळपाच्या घंटा वाजू लागल्या. कळप निघाला होता. इथला झेंडू संपत आला होता आणि मेंढ्यांचे कान घंटांकडे वळले. दोन-चार उतरायलाही लागल्या.

धाकट्याने तोंड उघडलं. रडून घसा बसला होता, थोरल्याचा आवाज काही केल्या निघेना. निघालं ते कळपाच्या शेवटी म्हणायचं गाणं, तेच रहाटासारखं, त्याच चुकीच्या चालीत. पाद्रीबाबांनी डोळे मिटून घेतले.

लंगडी मेंढी थांबली. वळली. खुरडत आली आणि तिने त्याच्या गुडघ्याला डोकं लावलं. मग तिच्यामागची आली, मग उतरलेल्याही परत आल्या. एक तेवढी मागे राहिली, कारण झेंडूचं एक फूल उरलं होतं.

म्हातारा मेंढपाळ खालून ओरडून म्हणाला, "आवाज भयंकर आहे रे. पण तुझा आहे." आणि आपल्या वाटेने निघून गेला.

त्या बुटांपैकी एकात आता मावशीची कोंबडी अंडी घालते. घोंगडी थंडीत अंगावर घ्यायला आहे. गाव अजून त्याला धाकटाच म्हणतं, आणि तो ओ देतो. रविवारी चर्चच्या दारात पाद्रीबाबा "बर्णबा" म्हणून बोलावतात, तेव्हा तो आधी मागे वळून बघतो. मागे कुणी नसतं. मग तो म्हणतो, "आलो," आणि आत जातो.

तात्पर्य: गेलेल्याची घोंगडी थंडीला पांघरावी, लपायला नाही. देव ज्याच्या त्याच्या नावाने हाक मारतो. ओ द्यायची ती आपल्याच आवाजात, तो कसाही असो.